गुरुवारची सुट्टी

भोसरीच्या एमआयडीसीत गुरुवारी कारखाने बंद असतात, हे तिथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. त्या दिवशी चहाच्या टपऱ्या उघडत नाहीत, टेम्पो फिरकत नाहीत आणि कुत्री रस्त्याच्या मधोमध निवांत झोपतात. नेमक्या अशाच एका गुरुवारी, जानेवारीतल्या मळभ दाटलेल्या सकाळी, स्वरूपा तिथे चालता कारखाना बघायला आली.

बरं, बाई परगावची असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण ही काळेवाडीत वाढलेली. हिचे वडील मारुतराव बीडकडून आले आणि सव्वीस वर्षं एका कंपनीत लेथवर लोखंड कातणारे टर्नर होते. हिच्या घरी पाहुणे गुरुवारी यायचे, दळण गुरुवारी आणायचं आणि दुपारी शाळेतून आल्यावर वडील घरात दिसायचे तेही गुरुवारीच. तिने गुरुवार विसरावा! पण बारा वर्षं मुंबईत मालिकांचं दिग्दर्शन केलं की वार असेच विसरले जातात. रोज एक एपिसोड संपवायचा असतो; त्याला सोमवार काय आणि गुरुवार काय.

एका वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. ती वाकून आत डोकावली.

“बंद आहे,” आतून आवाज आला.

“दार तर उघडं आहे.”

“दार उघडं आहे, कंपनी बंद आहे. आज गुरुवार ना!”

लेथ मशीनच्या मागून एक माणूस उठून उभा राहिला. पस्तीस-छत्तिशीचा, सडपातळ, गळ्यात तुळशीची माळ, हातात तेलाची बुधली. सुट्टीच्या दिवशी येऊन मशीनला तेल पाजत बसलेला माणूस स्वरूपाने आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिला. पहिला तिच्या घरातलाच होता.

“कुठून आलात?” त्याने विचारलं.

“मुंबईहून. म्हणजे... मूळची काळेवाडीची.”

“काळेवाडीची? आणि गुरुवारी कारखाना बघायला आलात? कमाल झाली राव!”

ती ओशाळली. मग ओशाळल्याचा राग आला म्हणून तिने ताठ मानेने सांगून टाकलं, की ती दिग्दर्शक आहे, तिला स्वतःचा पहिला सिनेमा करायचाय, तो एका टर्नरवर आहे आणि तो टर्नर तिचे वडील आहेत. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग मशीनवरची लोखंडी चावी उचलून तिच्यासमोर धरली.

“टर्नरची मुलगी ना तुम्ही? मग हे काय, सांगा.”

“चक-की. मशीनच्या जबड्यात, म्हणजे चकात, जॉब आवळून झाला की आधी ही काढून ठेवायची. चकात राहिली आणि मशीन चालू केलं तर उडून समोरच्याचं डोकं फोडते.” आणि वर ती म्हणाली, “मला पाढे यायच्या आधी हे येत होतं.”

त्याने चावी खाली ठेवली. मघाचं चिडवणारं हसू गेलं होतं आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं. त्याला नाव नव्हतं, पण स्वरूपाला ते आवडलं.

“ज्ञानेश,” तो म्हणाला. “बसा. चहा मिळणार नाही, टपरी बंद आहे. माझ्या डब्यातली भाकरी आहे.”

तर अशी सुरुवात झाली.

वर्कशॉपचे मालक दादासाहेब यांनी जागा दिली, पण अट घातली. “गुरुवारी काय तो धिंगाणा घाला. शुक्रवारी सकाळी सातला माझी पहिली शिफ्ट लागली पाहिजे.” स्वरूपाने सहा गुरुवार मागून घेतले. त्यासाठी घोडबंदरच्या सेटवर ती उरलेल्या दिवसांत ऊर फुटेस्तोवर मालिका शूट करायची. जास्तीचे एपिसोड करून बाजूला ठेवायचे, म्हणजे एक दिवस सुटका. मालिकावाले या साठ्याला बँक म्हणतात. तेवढ्यावर तिने सिनेमा करायला घेतला.

पहिल्याच गुरुवारी घोळ झाला. वडिलांची भूमिका करणारा कुलदीप मालिकांमधला नावाजलेला नट. चेहरा लाखात एक, पण हात... हात पाहून कोणीही सांगितलं असतं की या माणसाने खिळासुद्धा ठोकलेला नाही. लेथ सुरू झाली तसा तो दोन पावलं मागेच सरला.

कॅमेऱ्यामागून स्नेहल म्हणाली, “स्वरूपा, क्लोजअपला हे हात चालणार नाहीत.”

स्नेहल तिची जुनी मैत्रीण आणि सिनेमाची छायाचित्रकार. ती खरं तेच बोलायची. स्वरूपाने इकडेतिकडे पाहिलं. ज्ञानेश खांबाला टेकून हसू दाबत उभा होता.

“या इकडे,” ती म्हणाली. “खूप हसताय ना? आता हात द्या.”

त्या दिवसापासून सिनेमात चेहरा कुलदीपचा आणि हात ज्ञानेशचे. अंगठ्याच्या मुळाशी त्याला एक जुना डाग होता, गरम लोखंडाने भाजलेला. तो डाग कुलदीपच्या हातावरही हुबेहूब हवा, नाहीतर प्रेक्षकाला जोड कळेल. मेकअपवाल्याला काही जमेना. मग स्वरूपाने स्वतः पेन्सिल घेतली, ज्ञानेशचा हात आपल्या हातात धरला आणि डाग न्याहाळायला लागली.

“किती वेळ बघणार?” त्याने हळूच विचारलं.

“पाठ होईपर्यंत.”

“मग मी रोजच आणतो की हात.”

“रोज कुठे? गुरुवारी,” ती म्हणाली आणि मान खाली घातली. डाग केव्हाच पाठ झाला होता, हे तिलाही माहीत होतं.

मॉनिटरवर ते हात आले की ती बोलायची थांबायची. लोखंडाची निळसर साल वळ्यावळ्यांनी निघायची, लोखंड थंड ठेवणारं पांढरं कूलंट बोटांवरून ओघळायचं आणि ती बोटं न थरथरता चाक फिरवत राहायची. पहिल्या क्लोजअपला मशीन बंद झाल्यावरही त्याने हात दांड्यावर तसाच ठेवला होता.

“मॅडम, हात किती वेळ ठेवू?”

“मी कट म्हणेपर्यंत.”

“आणि दुसऱ्या कोणी म्हटलं तर?”

“दुसरं कोणी म्हणत नाही. छत कोसळलं तरी कट मीच म्हणायचा, हा नियम आहे.”

“आणि तुम्हीच विसरलात तर?”

“बारा वर्षांत एकदाही विसरले नाही,” ती तोऱ्यात म्हणाली. “कट!”

तिसऱ्या गुरुवारी त्याची आई डबा घेऊन दिघीहून आली. कौशल्याबाई. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू आणि सगळ्या युनिटला पुरून उरेल एवढी बाजरीची भाकरी. एके काळी त्यांचं शेत होतं. काही लष्कराच्या हद्दीत गेलं, काही भावकीने विकलं. चुलत्यांनी मंगल कार्यालयं बांधली आणि यांच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. लग्नाचं म्हणाल तर ज्ञानेशने अकरा मुली पाहिल्या होत्या. सगळीकडे एकच प्रश्न, नोकरी पर्मनंट आहे का? नव्हती.

“आमी काय शिनेमे बघत न्हाई बाई,” कौशल्याबाई स्वरूपाला म्हणाल्या. “पन तुमी एकदा घरी जेवाया या. दिघी काय लांब हाय व्हय? तुमची सुट्टी कंदी असती?”

सुट्टी अशी स्वरूपाला नव्हतीच. महिन्यातून एखादा रविवार मिळायचा, तोही चॅनेलची मर्जी असेल तर.

“येईन,” ती म्हणाली. “नक्की येईन.”

सिनेमा होत आला, पण एक सीन काही केल्या होईना. शेवटचाच. तो का होत नव्हता, ते सांगायला हवं.

मारुतरावांची उजव्या हाताची दोन बोटं पत्रा कापणाऱ्या प्रेसमध्ये गेली होती. टर्नर माणूस, पण त्या आठवड्यात प्रेसवर माणूस कमी होता म्हणून उभं केलं आणि तिसऱ्या दिवशी गेली. स्वरूपा तेव्हा सहावीत होती. त्यानंतर त्यांनी तो हात कायमचा खिशात घातला. शाळेच्या स्नेहसंमेलनात, लग्नकार्यात, तिच्या पहिल्या पुरस्काराच्या फोटोत, सगळीकडे मारुतराव हसताहेत आणि उजवा हात खिशात आहे. जेवायचे ते सगळ्यांचं झाल्यावर, पाठमोरे बसून. त्या हाताने त्यांनी आपल्या लेकीला पुन्हा कधी स्पर्श केला नाही. पाच वर्षांपूर्वी ते गेले, तोवर नाही. सिनेमाच्या शेवटी मात्र बाप तो हात खिशातून काढतो आणि पाठमोऱ्या बसलेल्या मुलीच्या खांद्यावर ठेवतो. आयुष्यात जे घडलं नाही ते तिला एकदा पडद्यावर तरी घडवायचं होतं. सगळा सिनेमा तिने त्या एका सीनसाठी करायला घेतला होता.

कुलदीपची दोन बोटं दुमडून, वर मेकअप करून नऊ टेक झाले. नवव्याला तो ढसाढसा रडलासुद्धा.

“छान झालं,” सगळे म्हणाले.

“खोटं आहे,” स्वरूपा म्हणाली. पण खरं कसं असतं ते तिलाही सांगता येईना. तिने तरी कुठे पाहिलं होतं?

कुलदीपच्या तारखा संपल्या आणि सहावा गुरुवारही. सामान गाडीत चढलं. वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर स्वरूपा आणि ज्ञानेश थर्मासातला चहा घेऊन बसली. ऊन नव्हतंच त्या दिवशी. समोरच्या कंपनीच्या पत्र्यावर एक कावळा उगाच इकडून तिकडे चालत होता.

“आता पुढच्या गुरुवारी काय करणार?” तिने विचारलं.

“मशीनला तेल.”

“मुंबईला या की एकदा. सेट दाखवते.”

“गुरुवारी तुम्ही शूटिंगमध्ये असणार.”

“हो... रविवारी कधीकधी मोकळी असते.”

“आणि रविवारी मी मशीनवर.”

ती हसली. हसता हसता, अगदी सहज, तिच्या तोंडून निघून गेलं, “तुमची सुट्टी रविवारी असती तर किती बरं झालं असतं ना!”

त्याने तिच्याकडे पाहिलं. एरवी तो लगेच काहीतरी चिडवून बोलला असता. त्या वेळी मात्र चहाचा कप त्याने बराच वेळ दोन्ही हातांत धरून ठेवला.

मग मुंबई. तीच मालिका, तोच दिवाणखाना, त्याच सासवा. गुरुवारी त्याचा फोन यायचा तेव्हा ती सेटवर असायची आणि तिचा फोन जायचा तेव्हा त्याचा मोबाइल लॉकरमध्ये असायचा. दोन मिसकॉलवर किती दिवस काढायचे? पण काढले. मिसकॉल पाहूनही माणसाला दिवसभर बरं वाटू शकतं, हे पस्तिसाव्या वर्षी तिच्या ध्यानात आलं.

एप्रिलमध्ये एक दिवस फोन लागला आणि त्याने सांगितलं, “मी दादासाहेबांकडचं सोडलं. चाकणला लागलो. कॉन्ट्रॅक्टवर आहे, पण कंपनी मोठी आहे. बस आहे, कँटीन आहे.”

“आणि लेथ?”

“लेथ नाही. प्रेस शॉप.”

“ज्ञानेश, प्रेस...”

“अहो, आता सगळं सेन्सरवर असतं. तुमच्या बाबांचा काळ गेला.” मग हळूच, “सुट्टी रविवारी आहे.”

तिला कळलं. वाचकहो, तिला सगळं कळलं, त्याच क्षणी. कोणासाठी आणि कोणत्या वाक्यासाठी, सगळं. “नको, परत जा,” असं म्हणायला हवं होतं. पण आतून इतकं सुख वाटलं, की ती नुसतं “अय्या, हो?” म्हणाली आणि गप्प बसली.

मेमध्ये तो एका रविवारी मुंबईला आला. तिची सुट्टी आदल्या दिवशी रद्द झाली होती. चॅनेलने कथानक बदललं आणि साठवलेले एपिसोड टाकून द्यावे लागले. तो सेटवर प्लास्टिकच्या खुर्चीवर चार तास बसून राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात आईने दिलेला डबा. ती लोकांवर ओरडत होती आणि मधूनमधून त्याच्याकडे बघत होती. निघताना तो म्हणाला, “तुम्ही ओरडता तेव्हा छान दिसता. आमचा सुपरवायझर ओरडतो तेव्हा तसं वाटत नाही.” दुसऱ्या रविवारी तिनेच नको म्हणून कळवलं. तिसऱ्या रविवारीही.

जूनमध्ये त्याचे फोन थांबले. तिने केला तर, “शिफ्ट बदललीय, दमायला होतं,” एवढंच. आवाज तोच, पण परका वाटायचा. दोन रविवार नाकारले म्हणून माणूस रुसला, असं तिने ठरवून टाकलं. मग तीही रुसली. मानी बाई! रोज एडिटमध्ये त्याचे हात पाहायची, पुढे-मागे करून पाहायची आणि फोन मात्र करायची नाही.

ऑगस्टमध्ये राहिलेला सीन करायचं ठरलं. मुलीचं काम करणारी तनुजा दुसरीकडे अडकली होती. “पाठमोरीच तर आहे, कोणीही बसेल,” स्नेहल म्हणाली. “कुलदीपचा चेहरा नको, नुसता हात घेऊ; तो मात्र ज्ञानेशचाच हवा. क्लोजअपमध्ये बोटं दुमडून बघू.” स्वरूपाने स्वतः फोन न करता दादासाहेबांकरवी निरोप धाडला.

गुरुवार होता. चार दिवसांची झड लागली होती. वर्कशॉपच्या पत्र्यावर पाऊस एकसुरी वाजत होता, आत दिवसाही दिवे लावावे लागले होते. कोपऱ्यातली त्याची लेथ कापडाने झाकलेली होती. दुसरा माणूस अजून मिळाला नव्हता म्हणे.

शटरखालून वाकून तो आत आला. डाव्या हातात छत्री. उजवा हात पँटच्या खिशात.

“नमस्कार मॅडम.”

“आज कशी सुट्टी मिळाली? तुमची तर रविवारी असते,” ती जरा टोचूनच म्हणाली.

“आता सातही दिवस आहे.”

त्याने छत्री मिटायला घेतली. एकाच हाताने. छत्री पोटाशी दाबून, कोपराने रेटून. खिशातला हात बाहेर आला नाही.

स्वरूपाने तो खिसा पाहिला. बाकी कोणाला काही कळलं नाही. स्नेहल लेन्स पुसत होती, बाकीचे दिव्यांच्या वायरी ओढत होते. पण ती खिसे बघत मोठी झालेली मुलगी होती. कोपराचा तो कोन, मनगटापाशी ताणलेलं ते कापड... तिने लेथचा आधार घेतला.

“कधी?” ती म्हणाली.

“काय कधी?”

“ज्ञानेश, हात कधी गेला?”

तो हसायचा प्रयत्न करत होता. “हात नाही गेला. दोनच बोटं. जूनच्या सात तारखेला.” आणि तिच्याकडे न बघता पुढे, “बरंच झालं म्हणा, मॅडम. आता शेवटच्या सीनला मेकअप लागायचा नाही.”

ती वळली आणि मागच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, पावसातच. थोड्या वेळाने तोही आला. तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिला, डाव्या हाताने.

“मला का नाही सांगितलं?”

“सांगून काय? तुम्ही सगळा दोष आपल्या नावावर लिहून घेतला असता.”

“मग तो कोणाच्या नावावर आहे?”

“दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली यायला नको, असं असतं. आमच्या लाइनवर त्यातलं एक टेप लावून दाबून ठेवलेलं होतं. काम पटपट व्हायला. सगळ्यांना माहीत होतं, मलाही.” त्याने छत्री सावरली. “कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणाले. दादासाहेब ये म्हणतात, स्टोअर सांभाळ म्हणतात. लेथ काही... ते आता व्हायचं नाही.”

“मी तसं बोलले नसते तर तू गेला नसतास.” पहिल्यांदाच ती त्याला एकेरी बोलली आणि दोघांच्याही ते लक्षात आलं. “मला कळलं होतं रे. तू रविवार म्हणालास ना, तेव्हाच कळलं होतं. बाबांचं माहीत असून मी गप्प बसले. मला आनंद झाला होता. त्या आनंदापायी मी तुला तिथे जाऊ दिलं.”

ती रडायला लागली. अगदी लहान मुलीसारखी, नाक ओढत. तो छत्री धरून तसाच उभा. तिचे डोळे पुसावेत असं त्याला फार वाटत होतं, पण एका हातात छत्री होती आणि दुसरा खिशात होता.

“ऐक,” तो म्हणाला. “तू नुसतं बोललीस. रविवार मला हवा होता. इतकी वर्षं गुरुवारी सुट्टी घेतली, एकदा वाटलं आपणही कोणासाठी तरी रविवारी नवा शर्ट घालून निघावं. मी माझ्या मनाने गेलो. आणि खुर्चीवर बसून चार तास तुला पाहिलं ना, तो रविवार मी कोणाला परत देणार नाही. बोटं गेली त्याचं वाईट वाटतं. रात्रंदिवस वाटतं. त्या रविवारचं नाही वाटत.”

“मग फोन का बंद केलास?”

“तू सांगितलंच होतंस की, तुझे बाबा तो हात पुन्हा कोणाला दाखवत नव्हते.” त्याने आपल्या खिशाकडे पाहिलं. “तेव्हा मला वाटायचं, काय माणूस आहे, पोटच्या पोरीपासून काय लपवायचं! आता कळतं. आईच्या पुढ्यातसुद्धा मी चमच्याने जेवतो, डाव्या हाताने.”

पाऊस पडत राहिला. आतून स्नेहलने हाक मारली, “स्वरूपा, उजेड चाललाय. करायचा की नाही?”

स्वरूपाने ओढणीने तोंड पुसलं. “नको करूया,” ती त्याला म्हणाली. “सिनेमा गेला खड्ड्यात. मी तुझा हात दाखवून टाळ्या घ्यायच्या का?”

“टाळ्यांचं नंतर बघू. तुझ्या बाबांनी जे केलं नाही ते तुला बघायचंय ना?”

“हो, पण...”

“मलाही एकदा करून बघायचंय. एकट्याने घरी जमत नाही. इथे निदान तू सांगशील तसं करेन.”

ती आत गेली. तनुजासाठी आणलेला निळा कुडता तिने आपल्या कपड्यांवरच चढवला आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून लाकडी स्टुलावर बसली. स्नेहल क्षणभर बघतच राहिली. बारा वर्षांत स्वरूपा कधी कॅमेऱ्यासमोर आलेली नव्हती.

“तू बसणार?”

“पाठमोरीच तर आहे. कोणीही बसेल म्हणालीस ना? रोल कर.”

“रोलिंग.”

“ॲक्शन,” स्वरूपा भिंतीकडे बघत म्हणाली.

मागे काहीच झालं नाही. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. मग कापडाचा हलका आवाज आला. हात खिशातून निघत होता. अडखळत, थांबत. तिने डोळे मिटले. कुलदीपने हे नऊ वेळा केलं होतं आणि नऊही वेळा हात सरळ खांद्यावर आला होता. आत्ता तो येत नव्हता. खांद्याच्या जरा वर येऊन थांबला होता. तिला त्याची ऊब जाणवत होती. इतकी वर्षं घरात असाच एक हात तिच्या खांद्याच्या वर येऊन थांबत असेल आणि परत खिशात जात असेल... तिने वळून पाहिलं नव्हतं, एवढंच.

“ठेव,” ती हळूच म्हणाली.

हात खांद्यावर टेकला. आधी अंगठा, भाजल्याच्या डागासकट. मग दोन बोटं, शेवटची. मधली जागा रिकामी होती आणि ती रिकामी जागाही तिला खांद्यावर स्पष्ट कळली. हात थरथरत होता. लेथवर कधी थरथरला नव्हता. तिने आपला हात वर नेला आणि त्याच्या हातावर ठेवला, नेमका त्या रिकाम्या जागेवर. पटकथेत हे नव्हतं.

कोणी हललं नाही. दिव्यांपाशी उभी असलेली माणसंही जागच्या जागी थांबली. स्नेहल कॅमेऱ्याला डोळा लावून उभी होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण तिने कॅमेरा सोडला नाही. सगळे एका शब्दाची वाट बघत होते आणि तो शब्द म्हणायचा अधिकार एकीचाच होता.

मिनिट गेलं. दोन गेली.

“मॅडम,” ज्ञानेश तिच्या कानाशी कुजबुजला, “कट म्हणा ना. हात किती वेळ ठेवू?”

“राहू दे,” ती म्हणाली.

“विसरलात का?”

“नाही विसरले.” तिने त्याचा हात घट्ट धरला. “आईंना सांग, आज जेवायला येते. ताटावर तू उजव्या हाताने जेवायचंस. माझ्यासमोर.”

त्याचं कपाळ तिच्या केसांवर टेकलं.

“अगं, सगळे बघतायत.”

“बघू देत.”

कट त्या दिवशी कोणीच म्हटलं नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं, तेव्हा तो आपोआप बंद पडला.